घरांची प्रदक्षिणा

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर पाहण्याचा दुसरा मार्ग आपल्या पूर्वजांनी जणू मानलाच नव्हता. परगावी गेलेला मनुष्य तेथील देऊळ पाहतो, तळी पाहतो, बाजार पाहतो. कोणाच्या घरी जायचे ते घरच्या माणसांस भेटण्यासाठी. ज्या घरात आपली ओळख नाही, ज्याच्या ओसरीवर आपणांस कोणी गूळपाणी देणार नाही, त्या घरासमोर पैसे भरून उभे राहावे आणि तिऱ्हाइताने त्याचे वर्णन करावे, हा प्रकार आमच्या पिढीला काहीसा चमत्कारिकच वाटतो. तथापि हा प्रघात आता जगभर रूढ झाला असून पणजीच्या फोन्तेन्यास भागातही पर्यटकांचे थवे घरांकडे माना वर करून पाहत हिंडताना दिसतात. नाटक पाहून आल्यावर त्याचे परीक्षण लिहितात, कीर्तन ऐकून आल्यावर त्याविषयी चार शब्द बोलतात. मग अशा पदयात्रेचेच परीक्षण का करू नये? स्पेनमधील बार्सेलोना शहरात २०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आम्ही अशी एक पदयात्रा केली. तिचे गुणदोष वाचकांपुढे ठेवावेत, आणि त्या निमित्ताने आमच्या मनात जे सलत राहिले तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. या घरांना तिकडे ‘मॉडर्निस्ट’ म्हणतात. हा शब्द ऐकून जो वाचक सिमेंटच्या कोऱ्या भिंती आणि काचेच्या पेट्या डोळ्यांपुढे आणील, त्याची फसगत होईल. बार्सेलोनात या शब्दाने जी शैली ओळखली जाते ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ओसरली. कोरीव दगड, वळवलेले लोखंड, रंगीत काच आणि झिलईच्या फरशा यांची तीत रेलचेल असते. तिच्या मुळाशी भाषेचा अभिमानही होता. कातालोनिया हा त्या देशाचा ईशान्येकडील प्रांत. तेथील कातालान भाषेचे साहित्य त्या शतकात नव्याने बहरत होते; आणि ल्युईस दोमेनेक या वास्तुविशारदाने १८७८ साली एक निबंध लिहून, आपल्या लोकांची स्वतःची अशी वास्तुकला कोणती, हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. मराठी आणि कोकणी या दोन भाषांच्या उंबरठ्यावर वावरणाऱ्या आमच्या वाचकांना असा प्रश्न परका वाटू नये. घराला तेथे ‘कासा’ म्हणतात, हेही गोमंतकीय कानाला नवे नाही.

ही घरे ज्या वस्तीत उभी आहेत तिचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा. १८५४ साली जुन्या शहराभोवतीचा तट पाडण्यास प्रारंभ झाला. तटाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने नवे शहर आखले आणि त्याची योजना १८५९ साली मंजूर झाली. सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस खंड, त्यांचे छाटलेले कोपरे आणि २० मीटर रुंदीचे रस्ते अशी ती आखणी. प्रत्येक खंडाच्या दोनच बाजूंस घरे असावीत व मध्ये बाग असावी, असे सेर्दाच्या मनात होते. परंतु जमिनीच्या किमती चढल्या, खंडांच्या चारही बाजू भरल्या आणि घरे आतल्या अंगाने खोल खोल होत गेली. रस्त्याकडे उजेड, पाठीमागे उजेड, आणि मधल्या खोल्यांत अंधार, अशी ही घरे झाली. हा अंधार वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आमच्या पदयात्रेत वीस-बावीस माणसे होती. प्रत्येकाच्या कानाला एकेक लहानसे यंत्र लावलेले, आणि सर्वांच्या पुढे हातात लाल छत्री उंच धरून चालणारी एक तरुण मार्गदर्शिका. तिला पाहून आम्हांला तीर्थक्षेत्रातील उपाध्यायांची आठवण झाली. या कुंडाची कथा ही, त्या पिंपळाचे माहात्म्य ते, असे सांगत यात्रेकरूंचा घोळका ते ज्या सराईतपणे पुढे नेतात, तोच सराईतपणा बाईंच्या अंगी होता. पाठांतर चोख, उच्चार स्पष्ट, आणि विनोद ठरलेल्या जागी. पासेज दे ग्रासिया या रुंद राजरस्त्यावर दगडी बाकांसह उभे असलेले लोखंडी दिवे लोक गाउदीच्या नावावर खपवतात. ते पेरे फाल्केस याने १९०६ साली केलेले आहेत, असे तिने आवर्जून सांगितले. पायाखालच्या षट्कोनी फरशीकडेही तिने आमचे लक्ष वेधले. तीवर समुद्रातील जीव आणि शेवाळ उठावात काढलेले आहे. आंतोनी गाउदीने ही फरशी मुळात घरातील जमिनीसाठी योजिली होती, आणि कालांतराने तिचीच आवृत्ती पदपथावर घातली गेली. घरात अनवाणी चालावे म्हणून केलेल्या नक्षीवरून आज रोज हजारो बूट जातात. मार्गदर्शिकेने हे सांगितले आणि ती पुढे चालू लागली. थोडे थांबली असती तर बरे झाले असते.

थोड्याच वेळात आम्ही त्या प्रसिद्ध ‘कलहाच्या खंडा’शी पोहोचलो. स्पॅनिश भाषेत ‘मान्साना’ म्हणजे सफरचंद, आणि घरांच्या खंडालाही तोच शब्द. ग्रीक पुराणात एका सफरचंदावरून तीन देवींत कलह माजला होता. येथे तीन नामांकित वास्तुविशारदांची तीन घरे एकाच रांगेत, जणू एकमेकींशी स्पर्धा करीत, उभी आहेत. म्हणून लोकांनी या खंडाला ते श्लेषाचे नाव दिले. कोपऱ्यावर दोमेनेक याचे कासा ल्येओ मोरेरा, पुढे जोसेप पूच इ कादाफाल्क याचे कासा आमात्येर, आणि त्याला लागून गाउदीचे कासा बात्यो.

कासा ल्येओ मोरेरा हे घर आम्हांला सर्वांत आवडले. कुटुंबाच्या नावात ‘ल्येओ’ म्हणजे सिंह व ‘मोरेरा’ म्हणजे तुतीचे झाड. म्हणून दगडात, काचेत, फरशीत ठिकठिकाणी सिंह आणि तुती आढळतात. हे काम एकट्या दोमेनेकचे नव्हे. एउसेबी आर्नाउ या शिल्पकाराने मूर्ती घडवल्या, गास्पार ओमार याने लाकूडकाम केले, इतर कारागिरांनी काच आणि फरशी केली. १९०६ साली या घराला नगरपालिकेचे पारितोषिकही मिळाले. परंतु १९४३ साली तळमजल्यावर एक दुकान थाटण्यासाठी आर्नाउच्या तेथील मूर्ती छिन्नी-हातोड्याने काढून टाकण्यात आल्या आणि त्या जागी दुकानाच्या गुळगुळीत काचा आल्या. मार्गदर्शिकेने या घटनेला अर्धे वाक्य दिले. ते अर्धे वाक्य बोलताना ती त्या काचांसमोरच उभी होती.

कासा आमात्येर हे आंतोनी आमात्येर या चॉकलेटच्या कारखानदाराचे घर. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेला त्याचा माथा आणि दारापाशी आर्नाउने कोरलेला, संत जॉर्जने भाल्याने भोसकलेला अजगर, ही त्याची ओळख. संत जॉर्ज हा कातालोनियाचा संरक्षक संत मानला जातो. आंतोनीची कन्या तेरेसा १९६० साली वारली. तिने घर विकले नाही, तर येथे कलेच्या अभ्यासाची एक संस्था स्थापून वास्तू तिच्या स्वाधीन केली. म्हणूनच या घरातील मूळचे सामानसुमान बव्हंशी जागच्या जागी राहिले. हेही आम्हांला नंतर वाचून समजले. पदयात्रेत या घरासमोर आम्हांला चॉकलेटची चव मात्र चाखावयास मिळाली.

यानंतर कासा बात्यो. येथे छत्री खूप वेळ उंच राहिली. दर्शनी भागावर फुटक्या फरशांचे आणि रंगीत काचेचे तुकडे बसवलेले असून ऊन पडले की ते पाण्यासारखे हलतात. खालच्या मजल्याचे खांब हाडांसारखे, वरचे सज्जे मुखवट्यांसारखे, आणि छप्पर एखाद्या प्राण्याच्या खवल्यांच्या पाठीसारखे. मार्गदर्शिकेने या सर्वांची एक कथा गुंफली. छप्पर म्हणजे अजगर, क्रूस मिरवणारा मनोरा म्हणजे त्याच्या पाठीत घुसलेला संत जॉर्जचा भाला, आणि हाडे त्याने गिळलेल्या माणसांची. सर्वांनी माना डोलावल्या व छायाचित्रे घेतली.

येथे आमचा पहिला आक्षेप आहे. गाउदीने या दर्शनी भागाचा अर्थ स्वतः लिहून ठेवलेला नाही. अजगराचा अर्थ लोकांनी लावला. तो सुंदर आहे, संभवनीयही आहे, पण तो एक अर्थ आहे. माहात्म्य सांगणाऱ्याला एवढा विवेक पाळणे जड जाते हे आम्ही जाणतो, कारण आमच्याकडेही प्रत्येक कोरलेल्या दगडाला पांडवांशी जोडल्यावाचून सांगणाऱ्याचे समाधान होत नाही. परंतु अर्थ ठामपणे सांगितला की ऐकणाऱ्याचे पाहणे संपते. त्याला अजगर मिळाला. आता तो खिडकी पाहत नाही.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. ज्या तीन घरांसमोर आम्ही तासभर उभे होतो त्यांतील एकही घर मुळात नवे नव्हे. कासा ल्येओ मोरेरा ज्या घरातून निर्माण झाले ते १८६४ सालचे. कासा आमात्येरच्या जागी १८७५ सालचे घर होते, आणि कासा बात्योच्या जागी १८७७ सालचे. तिन्ही साधी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी, भाड्याने देण्याजोगी घरे. पूच याने १८९८ ते १९०० या काळात, दोमेनेकने १९०२ ते १९०६ या काळात आणि गाउदीने १९०४ ते १९०६ या काळात त्यांचे रूप पालटले. बात्यो हा कापडाच्या धंद्यातील मातबर मनुष्य. त्याच्या मनात जुने घर पाडून नवे बांधावयाचे होते. ते न पाडता सुधारावे, हा मार्ग गाउदीने पत्करला. म्हणजे जगातील लक्षावधी लोक ज्या घरांकडे एका प्रतिभावंताची निर्मिती म्हणून पाहतात, ती घरे आपल्या भाषेत सांगावयाचे तर जीर्णोद्धार होत. या एका गोष्टीचा उच्चार पदयात्रेत झाला नाही. अजगराच्या कथेत ती बसत नव्हती.

तेथून आम्ही त्याच रस्त्याने वर कासा मिला या घराशी गेलो. न्यायाने बोलावयाचे तर हे घर अगदी पायापासून नवे आहे. त्याच्या जागी असलेला जुना बंगला पाडूनच ते १९०६ साली सुरू झाले. तेव्हा पाडणे हे नेहमीच पाप, असा आमचा दावा नाही. लाटांसारख्या दगडी भिंतींमुळे लोकांनी त्याला ‘खाण’ असे थट्टेचे नाव दिले. या भिंती घराचा भार वाहत नाहीत. आतील मजले खांबांवर उभे आहेत, म्हणून खोल्यांच्या भिंती हव्या तेथे हलवता येतात. पोटमाळ्यावर विटांच्या २७० कमानी आहेत. गाउदी अत्यंत श्रद्धाळू होता. दर्शनी भागावर मारियेची मूर्ती बसवावी अशी त्याची योजना होती. कठड्यावर तिच्या प्रार्थनेचे शब्द आजही कोरलेले दिसतात. परंतु १९०९ सालच्या जुलैत शहरात दंगा होऊन चर्चे व मठ जाळले गेले, मालक बिचकला आणि मूर्ती राहून गेली. पुढे पैशावरून तंटा झाला, गाउदी दावा जिंकला आणि मिळालेली रक्कम त्याने धर्मकार्याला देऊन टाकली. १९२६ साली तो वारल्यावर घराच्या मालकिणीने आपल्या मजल्यावरील त्याची सजावट काढून फ्रेंच राजवाड्याच्या धर्तीची सजावट करून घेतली. तिला आम्ही दोष देत नाही. घर पाहणाऱ्याला जे अद्भुत वाटते ते राहणाऱ्याला रोज सोसावे लागते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

हे घर १९८६ साली एका बचत-पेढीने विकत घेतले, दुरुस्त केले आणि १९९६ साली लोकांस पाहण्यासाठी खुले केले. तरीही अलीकडच्या वर्षांपर्यंत जुने भाडेकरू असलेली थोडी कुटुंबे तेथे नांदत होती. आमच्या घोळक्यातील एकाने विचारले, “इथे कोणी राहते का?” मार्गदर्शिका हसून म्हणाली, “थोडीच माणसे,” आणि छत्री हलली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बार्सेलोनाच्या महापौरांनी, पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ सालापर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला होता. कारण शहरातील लोकांनाच राहावयास परवडेनासे झाले होते. घरांची यात्रा घडवणाऱ्या शहरात घर मिळणे दुर्लभ व्हावे, हा योगायोग नव्हे. निदान प्रश्न विचारणाऱ्याला याविषयी दोन शब्द ऐकावयास मिळाले असते, तर त्या पदयात्रेला अधिक वजन आले असते.

अखेरचा टप्पा ग्रासिया भागातील कासा विसेन्स. पूर्वी हे निराळे गाव होते. गाउदीने वयाच्या तिशीत, १८८३ ते १८८५ या काळात, बांधलेले हे पहिले मोठे घर. त्याच्या भिंतींवर पांढऱ्या-हिरव्या फरशा असून कित्येक फरशांवर एक पिवळे फूल काढलेले आहे. आम्ही जवळ जाऊन पाहिले, तो झेंडू! मूळ मेक्सिकोचे हे फूल समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आले आणि समुद्र ओलांडूनच आमच्या दसऱ्याच्या तोरणात शिरले. त्या जागेवर झेंडूची झाडे होती, म्हणून गाउदीने ते फूल भिंतीवर आणले असे सांगतात. नवी वास्तू आली, पण जमिनीची आठवण तिने पुसली नाही. अडीच तासांच्या पदयात्रेत देवदर्शनानंतर वाटते तसे समाधान आम्हांला एकदाच वाटले, ते या झेंडूपाशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच कासा बात्योत गेलो. आत शिरल्यावर घराच्या मधोमध तळापासून माथ्यापर्यंत गेलेला उजेडाचा चौक लागतो. जुन्या घरात तो अरुंद होता. गाउदीने तो रुंद केला आणि त्याच्या भिंतींवर निळ्या फरशा बसवल्या. वर, जेथे आकाश जवळ आणि उजेड प्रखर, तेथे फरशा गडद निळ्या. खाली उतरावे तसतशा त्या फिकट होत जाऊन तळाशी जवळजवळ पांढऱ्या. गडद रंग उजेड पितो व फिकट रंग तो परत देतो, म्हणून वरपासून खालपर्यंत उजेड सारखा वाटतो. खिडक्याही तशाच: वर लहान, खाली मोठ्या, कारण खालच्या बिऱ्हाडाला उजेड कमी. खिडक्यांच्या खाली लाकडात माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी असून त्या हव्या तेवढ्या उघडून वारा घेता येतो. सेर्दाच्या बागा बुजल्यामुळे घरांच्या पोटात जो अंधार साचला होता त्याला दिलेले हे उत्तर. त्यात अजगर नाही, संत नाही, हाडे नाहीत. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या माणसालाही वरच्याइतका उजेड मिळावा, एवढाच विचार आहे. आणि आमच्या मते या घराचे सारे मोठेपण त्या विचारात आहे. रस्त्यावर उभे राहून ते दिसत नाही.

त्या चौकात आम्ही बराच वेळ उभे राहिलो, आणि जे आठवू नये ते आठवले. फोंडा महालात आमचे वडिलार्जित घर होते. मध्ये राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती पडव्या, बाहेर सोपे आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. १९८७ साली आम्ही भाऊबंदांनी ते पाडले. कागदावर ज्या सात सह्या झाल्या त्यांत एक आमची होती. कारण काय? पडव्यांची पाखी फार खाली आली होती, माजघरात व बाळंतिणीच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. ‘घर काळोखी आहे’ हे एकच वाक्य आम्ही सर्वजण बोलत होतो. अंधार हा दुरुस्त करावयाचा दोष असू शकतो, हे एकाच्याही मनात आले नाही. फक्त थोरल्या काकी म्हणाल्या होत्या, “अरे, पाखी कापून बघा, भिंतीला पांढरा चुना द्या, दोन कौले काढून काच बसवा.” आम्ही हसलो होतो. खांब विकत घेणारा परस्पर गाडी घेऊन आला. त्यानंतर सिमेंटचे घर उभे राहिले. त्याची गच्ची चौथ्या पावसाळ्यात गळू लागली आणि आज तीवर पत्र्याचे छप्पर आहे. उजेड भरपूर आहे. चैत्रात त्या उजेडाकडे पाहवत नाही.

काकींनी सांगितलेले आणि गाउदीने केलेले, यांत तत्त्वतः अंतर नव्हते. ते समजण्यासाठी आम्हांला सातासमुद्रापलीकडे जाऊन तिकीट काढावे लागले, याची लाज वाटली आणि ती येथे लिहून ठेवणे हेच तिचे प्रायश्चित्त असे आम्ही मानतो.

यावर कोणी म्हणेल की बात्यो श्रीमंत होता, त्याला हे परवडले. हा आक्षेप खोटा नव्हे. या सर्व घरांमागे गिरणीची, चॉकलेटची आणि सागरापारच्या व्यापाराची अमाप संपत्ती होती, आणि पदयात्रेने त्या संपत्तीविषयीही मौनच पाळले. परंतु पाडण्याला आणि नवे बांधण्यालाही पैसा लागतोच. आमच्या भाऊबंदांनी तर कर्ज काढले होते. वर गडद व खाली फिकट, वर लहान खिडकी व खाली मोठी, या योजनेत खर्च होते ती बुद्धी. फुटक्या फरशांचे तुकडे भिंतीला लावणे ही तर काटकसरच होय. आपल्याकडेही चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांनी गच्च्या मढवण्याची चाल आहे. श्रीमंताचा दर्शनी भाग उचलावा असे आम्ही म्हणत नाही. त्याचा चौक पाहावा.

तेव्हा या पदयात्रेविषयी आमचा अभिप्राय असा. ती नीटनेटकी आहे, माहिती बहुतांशी खरी आहे, मार्गदर्शिका मेहनती आहे. नवख्या माणसाने ती अवश्य करावी. परंतु ती घरांना मूर्तीसारखे मांडते, आणि घर ही मूर्ती नव्हे. मूर्तीचे दर्शन समोरून घ्यावयाचे असते, घराची पारख आतून करावयाची असते. कोण राहिले, कोणी घडवले, काय मोडले आणि काय राखले, हे चार प्रश्न विचारणारी पदयात्रा कोणी काढली तर ती दोन घरांतच संपेल, पण ती पुरी असेल. पणजीत किंवा अन्यत्र आमच्या घरांच्या यात्रा घडवणाऱ्यांनीही हे चार प्रश्न जवळ बाळगावेत, अशी आमची सूचना आहे.

आणि एक विनंती आमच्या देवस्थानांच्या महाजनांना. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द फार पवित्र मानला जातो, आणि तो मानावाच. जे जीर्ण झाले त्याला वर उचलून धरणे, असा त्याचा अर्थ. परंतु गेल्या काही दशकांत गावोगावी या नावाखाली कोरीव लाकडी खांबांचे सभामंडप आणि जांभ्या दगडाच्या अग्रशाळा मुळापासून पाडल्या गेल्या. आणि बहुतेक ठिकाणी कारण तेच सांगितले गेले, की जुने होते, काळोखी होते. पुढच्या बैठकीत असा ठराव वाचला जाईल तेव्हा सही करण्यापूर्वी एकाने तरी उठून विचारावे, की यात जीर्ण नेमके काय झाले आहे, आणि उद्धार कशाचा होणार आहे. आमच्या सात जणांच्या बैठकीत हा प्रश्न कोणी विचारला नाही.